आधी मिठी, मग साबण

"आई, तू कशाला स्पॅनिश शिकतेस? मी आहे ना ट्रान्सलेट करायला!" असं माझा मुलगा ईशान म्हणाला आणि तिथेच माझं ठरलं. मध्ये ट्रान्सलेटर बसवून जगात कुणाचं कुणाशी जमलंय का हो? आणि मला तर विहिणीशी जमवायचं होतं!

थोडं आधीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पन्नाशीत काय खूळ घेऊन बसली. मी वैशाली. आम्ही मूळचे नागपूरचे, राहतो मिशिगनमध्ये, ट्रॉयला. माझा नवरा संजय इथल्या बऱ्याच देशी लोकांसारखा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. ईशानचं लग्न डॅनिएलाशी ठरलं. पोरगी गुणी, हसरी, मला 'आई' म्हणते. तिची आई रोझा टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला असते. नवरा गेल्यावर हॉटेलात खोल्या साफ करण्याचं काम करून तिने एकटीने मुलीला वाढवलं. इंग्रजी कामापुरतं, बाकी सगळा कारभार स्पॅनिशमध्ये.

वसंतात आम्ही साखरपुड्याला तिच्या घरी गेलो. घर आरशासारखं लखलखीत, अंगणात कागदी पताका, जेवणाचे दहा प्रकार. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा रोझा दारात हसत उभी होती. जेवणं होईपर्यंत तिचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा बंद झाला होता. मी दिलेली पैठणी तिने 'ग्रासियास', म्हणजे थँक यू, म्हणून बाजूला ठेवली, उघडलीही नाही. नंतर निरोप आला की लग्नाला येईन, पण तुमच्या घरी उतरणार नाही, हॉटेल बुक करते.

आता आमच्याकडे लग्नात रुसायचा मान वरमाईचा, म्हणजे माझा! इथे तर उलटंच झालं. बरं, रुसवा काढायला माझी ना नव्हती, पण तो कशाचा आहे ते तरी कळायला हवं ना! ईशान म्हणे, "आई, रिलॅक्स यार, शी वॉज जस्ट टायर्ड." डॅनिएलाने विचारलं तर रोझा तिलाही म्हणाली, काही नाही. 'काही नाही' म्हणजे काय असतं ते मला विचारा. माझ्या आईने 'काही नाही' म्हटलं की घरात आठवडाभर कुणी मोठ्याने बोलत नसे.

मी निष्कर्ष काढला की दोष भाषेचा. दिवसभर मी नुसती मान हलवत आणि दात दाखवत बसले होते. कुणालाही शिष्टच वाटणार. तर म्हटलं, लग्नाच्या आधी हिच्याशी चार वाक्यं तरी स्वतःच्या तोंडाने बोलायची.

स्पॅनिश शिकायला लोक मेक्सिकोला नाहीतर ग्वाटेमालाला जातात, कुणाच्या तरी घरी राहतात. मीही तेच शोधत होते, पण आमची ग्रीनकार्डाची फाइल अडकलेली. मध्ये बरीच वर्षं आम्ही नागपूरला परत गेलो होतो, त्यामुळे रांगेत पुन्हा शेवटी उभे. वकिलाने सांगितलं, सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नका. माझ्यासारखे असे अडकलेले पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी ही माहिती: अमेरिकेतच, न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला लास क्रूसेस नावाचं गाव आहे. तिथे गल्लीबोळात स्पॅनिश चालतं, आणि छोट्या शाळा तुम्हाला एखाद्या कुटुंबात ठेवून शिकवतात. दोन आठवड्यांची फी, राहणं आणि जेवण मिळून मला साधारण ऑफ सीझनच्या नागपूरच्या तिकिटाएवढा खर्च आला.

डेट्रॉइटहून डॅलसमार्गे एल पासो गाठायचं, आणि तिथून शटल व्हॅन. तासाभराच्या आतला रस्ता, सगळा हायवे. एका बाजूला नदीपलीकडचं मेक्सिको दिसत राहतं. तिथल्या टेकडीवरची घरं बघून मी मनात म्हटलं, बाई गं, इतक्या जवळ येऊन बंदी! पुढे पेकानच्या बागा लागतात. पेकान म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊ. वाळवंटात एकदम ती गच्च सावली बघून डोळे निवतात. ऑगस्ट संपत आला होता, ऊन रणरणतं, पण कोरडं. व्हॅनचा ड्रायव्हर सारखा "पाणी प्या मॅडम" म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "मी नागपूरची आहे, मला काय ऊन सांगतोस!" संध्याकाळपर्यंत ओठ फुटले. पाण्याची बाटली आणि ओठांचं मलम न्याच, माझा तोरा नेऊ नका.

माझी यजमानीण दोन्या एल्विरा. 'दोन्या' म्हणजे आपल्या 'बाई' किंवा 'काकू'सारखं मानाचं बोलणं. सत्तरीच्या, ठेंगण्या, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करून रिटायर झालेल्या. त्यांचे यजमान दोन राऊल ('दोन' म्हणजे आकडा नव्हे, पुरुषांसाठीचं तसंच मानाचं बोलणं) कमी बोलणारे, मागच्या अंगणात मिरच्या लावणारे. मातीच्या विटांचं बैठं घर, जाड भिंती, आत गारवा. बाई दारात दोन्ही हात पसरून उभ्या. मी बॅग ठेवली, हसले, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य फेकलं: "बाथरूम कुठे आहे?" विमानाचं, व्हॅनचं सगळं अंगावर घेऊन कुणाला हात लावायचा? स्वच्छ हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, मग बाहेर येऊन त्यांना वाकून नमस्कार केला. बाई "आय, दिओस मिओ!" म्हणजे 'अरे देवा!' करून ओरडल्या. त्यांना वाटलं मला चक्कर आली. दोन राऊल धावत पाणी घेऊन आले. पुढचा अर्धा तास मला कुणी उठू दिलं नाही. सुरुवात तर झकास झाली.

शाळा म्हणजे चौकाजवळच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या. आमची शिक्षिका मारिसोल, वयाने माझ्या मुलाएवढी आणि शिस्तीने माझ्या सासूएवढी. पहिल्या दिवशी नातीगोती शिकवली आणि मला एक खजिना सापडला. इंग्रजीत मुलाच्या सासूला काय म्हणायचं? 'माय सन्स मदर-इन-लॉ', म्हणजे नातं कमी आणि पत्ता जास्त. स्पॅनिशमध्ये तिला चक्क एक शब्द आहे: कोन्सुएग्रा. विहीण! मी वर्गात टाळीच वाजवली. मारिसोल म्हणाली, "इतका आनंद या शब्दाचा मी आजवर कुणाला झालेला पाहिला नाही."

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी मंडळी आधी तेच विचारणार. मी अंडं खाते, त्यापुढे नाही. इथे राजम्यात सुद्धा डुकराची चरबी असू शकते, म्हणून 'सिन मांतेका' हे दोन शब्द पासपोर्टाइतके जपून ठेवा. 'चरबी नको' असा अर्थ. पण दोन्या एल्विरांनी माझ्यासाठी पातेलंच वेगळं काढलं. दुधी-मक्याची भाजी, एन्चिलादा, म्हणजे चीज भरून गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या, आणि वरून हिरव्या मिरचीचा रस्सा. हॉटेलात गेलात तर पहिला प्रश्न येईल, लाल की हिरवी? दोन्ही हव्या असतील तर 'क्रिसमस' म्हणायचं. त्या दिवसांत दुकानांसमोर जाळीच्या पिंपात मिरच्या भाजत असतात आणि सगळ्या गावाला ठेच्याचा वास येतो. मला तर माहेरीच आल्यासारखं वाटलं. दोन राऊलांनी मला मिरची देताना हळूच बायकोकडे बघून भुवया उडवल्या, की आता ही रडणार. मी दुसरी मागितली. त्यानंतर ते माझ्याशी बोलायला लागले.

पण दोन्या एल्विरा बोलेनाशा झाल्या.

चार-पाच दिवसांत लक्षात आलं. आधी मी शाळेतून आले की त्या पोळपाट सोडून बाहेर यायच्या. मी हॉलमधूनच "ओला!" म्हणजे हॅलो करून बाथरूममध्ये शिरायची, हात धुऊन आले की गप्पा. हळूहळू त्या बाहेर येईनाशा झाल्या. मग माझं ताट झाकून ठेवलेलं दिसायला लागलं. त्या टीव्हीसमोर. "काही झालं का?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नादा." म्हणजे काही नाही!

तोच चेहरा! दोन बायका, दोन गावं आणि तेच बंद शटर. आता तर भाषेचं निमित्तही नव्हतं, मी पोपटासारखी बोलत होते. म्हणजे खोट माझ्यातच काहीतरी होती. संध्याकाळी संजयला फोन केला. "मी बायकांना नकोशी होते का रे?" तो म्हणाला, "मला नाही झालीस अजून." नवरे लोक असल्या वेळी विनोद का करतात देव जाणे.

शनिवारी दोन राऊल आम्हा दोघींना व्हाइट सँड्सला घेऊन गेले. गाडीने तासभर. पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या, पाय पोळत नाहीत, मुलं प्लास्टिकच्या थाळ्यांवरून घसरत असतात. सकाळी लवकर जा आणि छत्री घ्या. आणि व्हिसावाल्यांनो, मूळ कागद जवळ ठेवा, परतताना रस्त्यात बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतं. माझे कागद तो अधिकारी उलटसुलट बघत राहिला. तेवढ्यात मागच्या सीटवरून दोन्या एल्विरा खिडकीत वाकून ठणकावून म्हणाल्या, "ती माझ्या घरी राहते!" त्याने हसून कागद परत दिले. मी "ग्रासियास" म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. माझ्यावर रागावलेली बाई माझ्यासाठी भांडते पण आहे, हे गणित काही मला सुटेना.

सुटलं ते रविवारी. त्या चर्चमधून आल्या, खुशीत होत्या. बहुधा तिथे कुणीतरी क्षमेवर प्रवचन दिलं असावं. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला जवळ ओढलं, गालाला गाल लावला आणि म्हणाल्या, "बस मीहा, जेवू या." मीहा म्हणजे पोरी. मला इतकं बरं वाटलं! मी हसत हसत सिंककडे गेले, नळ सोडला, साबण घेतला.

दोन्या एल्विरांनी हात पुढे करून नळ बंद केला.

"माझ्या अंगाला काय लागलंय?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "रोज घरात येतेस, माझ्याकडे न बघता पाण्याकडे जातेस. पोलीस सुद्धा आधी 'बुएनास तार्देस' म्हणून नमस्कार करतात. आज मी तुझा पापा घेतला तर तो धुवायला निघालीस?"

मी कोरडा साबण तसाच हातात धरून उभी. अगं बाई! मारिसोलने बाजार शिकवला होता, नातीगोती शिकवली होती, हे कुठे शिकवलं होतं? जे जमेल ते बोलत सुटले. माझी आई. लहान मी. बाहेरून घरात. आधी हातपाय, मग माणसं. बाहेरची धूळ मोठ्यांच्या अंगाला लावायची नाही. मग साबण ठेवून टेबलावरचा भात घेतला, राजम्याशी कालवला आणि हाताने घास करून दाखवला. "आमच्या घरी हात हाच चमचा. जेवायच्या आधी चमचा धुवायचाच. तुमच्यामुळे नाही. जेवायचं म्हणून."

बाई त्या कालवलेल्या भाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दारातून आल्यावर तू माझ्यासाठी धुतेस?"

"सी," मी होकार दिला. "तुमच्यासाठी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "हात आम्हीही धुतो गं, जंगली आहोत का? पण माणूस दिसलं की आधी माणूस! घरात दहाजण असले तर दहाही जणांना भेटायचं, निघताना पुन्हा दहाजणांना. आधी मिठी, मग साबण. साबण काय पळून जातो?" आणि त्या इतक्या हसल्या की दोन राऊल अंगणातून बघायला आले. मीही हसायला लागले, आणि मध्येच माझं हसू थांबलं.

सॅन अँटोनिओ. आम्ही विमानतळावरून थेट तिच्या घरी गेलो होतो. रोझा दारात हात पसरून उभी होती, आणि मी हसून, तिच्या बाजूने, सरळ बाथरूममध्ये. नंतर जेवायला बसताना तिने मला घट्ट मिठी मारली होती. आणि मी काय केलं? जेवायचं म्हणून उठून पुन्हा हात धुऊन आले. तिच्या सगळ्या बहिणींसमोर.

मी दोन्या एल्विरांना सगळं सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. "तुझी विहीण काम काय करते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसते डोळे मिटले.

ईशानला फोन केला तर तो म्हणाला, "ओह शिट. ओके, मी डॅनीला सांगतो, ती तिच्या मॉमला एक्सप्लेन करेल." मी म्हटलं, "खबरदार! या कानाचं त्या कानाला नको. मी सांगीन." दोन्या एल्विरांनी अंगणात मिरच्यांच्या वाफ्याजवळ खुर्ची टाकून दिली आणि स्वतः दार लावून आत गेल्या. एरवी त्या कुणाचा फोन ऐकल्याशिवाय राहत नाहीत.

रोझाने फोन उचलला. मी म्हटलं, "कोन्सुएग्रा, मी वैशाली. एकटी बोलतेय." आणि ते सगळं पुन्हा सांगितलं, आई, धूळ, चमचा. काळ चुकले, लिंग चुकलं, मध्ये दोन शब्द मराठी गेले.

मग ती बोलली, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. "मी जन्मभर लोकांच्या खोल्या साफ केल्या. माझ्या हाताला चुकून हात लागला की लोक आपले हात कसे पुसतात, ते मला माहीत आहे. तुझ्यासाठी मी चार दिवस घर घासत होते. तू दोनदा हात धुतलेस. मी विचार केला, माझी मुलगी या घरात जाणार आहे."

मला रडूच कोसळलं. "पेर्दोन, रोझा, पेर्दोन," एवढंच म्हणत राहिले. माफीचा तेवढाच शब्द मला येत होता, आणि दुसरा असता तरी काय म्हणणार होते? आमच्या देशात कुणाला शिवल्यावर हात धुणारी माणसं होती, आजही आहेत, हे मला ठाऊक होतं. तिला तो अपमान मी न सांगताच ओळखीचा होता. माझ्या मनात तसं नव्हतं, पण तिने ते कुठून ओळखायचं?

"एस्ता बिएन," ती शेवटी म्हणाली. ठीक आहे. आणि फोन ठेवला. आता हे 'ठीक आहे' कोणतं, ते काही मला कळलं नाही.

दुसरा आठवडा मात्र फार गोड गेला. मी दारातूनच ओरडायची, "दोन्या एल्विरा!" आणि चपला पायात, घामेजलेली, तशीच त्यांच्या गळ्यात. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू. मिठीत असताना मन नळाकडे धावायचं. पण शेवटी शेवटी ते धावायचं विसरलं. मी त्यांना पोहे करून घातले, जाडे मिळाले नाहीत म्हणून पातळच. त्या म्हणाल्या, छान आहेत, पण हे नाश्त्याला की पक्ष्यांना? निघताना त्यांनी भाजलेल्या मिरच्यांचं फ्रोजन पाकीट आणि दोन राऊलांनी पेकान दिले. विमानात दोन्ही नेता येतं. मी बाईंच्या पाया पडले. या वेळी त्यांनी ओरडा न करता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि क्रूसाची खूण केली.

ट्रॉयला परतून आता काही महिने झाले. स्पॅनिश किती टिकलं? भूतकाळ पार विसरले, भाज्यांची नावं राहिली. जावं का? जरूर जा. दोन आठवड्यांत भाषा येत नाही, पण आपण दुसऱ्याला कसे दिसतो ते दिसतं, आणि ते काही फार सुखाचं नसतं. मला तर ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाच्या आठवड्यात रोझा आली. हॉटेलचं बुकिंग तसंच होतं, कॅन्सल केलं की नाही ते विचारायची माझी हिंमत नव्हती. घरी केळवणाचं जेवण. बाहेर बोचरी थंडी, आणि मी स्वेटरशिवाय ड्राइव्हवेवर. ती गाडीतून उतरली तशी मी धावत जाऊन तिला मिठी मारली. तिचं अंग आधी ताठ होतं. मग तिने पाठीवर दोनदा थोपटलं. आम्ही आत आलो. पानं वाढलेली, पुरणपोळी, कटाची आमटी, लास क्रूसेसच्या मिरचीचा ठेचा. मी तिच्या शेजारी तशीच बसले. हात न धुता! आयुष्यात पहिल्यांदा. नळाकडे बघायचं सुद्धा नाही असं बजावलं होतं स्वतःला. संजय डोळे फाडून माझ्याकडे बघत होता. मी पोळीला हात घातला.

रोझाने माझं मनगट धरलं.

"कोन्सुएग्रा," ती म्हणाली, "आणि चमचा?"

तिने मला हाताला धरून उठवलं, सगळ्या पंगतीसमोरून सिंकपाशी नेलं, पाणी सोडलं. हॉटेलांच्या साबणांनी खरखरीत झालेल्या तिच्या हातांनी तिने माझ्या हातांना साबण लावला, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, लहान मुलाचे धुवावेत तसे. मी रडत होते आणि ती नाही. मग तिने आपले हात माझ्यापुढे केले. मी ते धुतले.

नॅपकिनला हात पुसता पुसता तिने मागे वळून हाक मारली, "डॅनिएला! गाडीतून माझी बॅग आत आण."